आज कुणाचा वार?

लॅबवालीचा फोन वाजला तेव्हा तिच्या हातात सुई होती आणि समोर एक आजोबा डोळे घट्ट मिटून बसले होते. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती सकाळपासून लोकांच्या शिरा शोधत उभी असायची. म्हणून वस्तीत तिचं नाव पडलं होतं लॅबवाली.

फोन कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा होता.

"वहिनी, घाबरू नका हं. तुमची ठमी माझ्या दुकानात बसली आहे. एकटीच रस्त्याने चालली होती. विचारलं तर म्हणाली, आईकडे चालले."

इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या पुढे चौक होता आणि त्या चौकात ट्रक वळायचे. ठमी चार वर्षांची. ही पोरगी बालवाडीत असायची, ती रस्त्यावर आलीच कशी?

हाताखालच्या मुलीवर काम टाकून ती धावत निघाली. दुकानात ठमी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून पाय हलवत होती. तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा कुठे लॅबवालीला रडू फुटलं, आणि रडू ओसरलं तसा राग चढला. पोरीला कडेवर घेऊन ती तरातरा बालवाडीकडे निघाली.

बालवाडी म्हणजे वस्तीच्या मागच्या बाजूची एक लांबट खोली आणि पुढे छोटंसं अंगण. ठमी सापडल्याचा इस्त्रीवाल्याचा निरोप येताच बालवाडी चालवणाऱ्या ताईंनी बाकीच्या मुलांना लवकर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळे खोली जवळजवळ रिकामी होती. ताई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, पण बसल्या होत्या अशा की पुन्हा उठतील की नाही याची शंका यावी. पदराला ओकारीचा डाग होता.

"ताई, माझी पोरगी रस्त्यावर गेली! तुमचं लक्ष कुठे होतं? काही झालं असतं म्हणजे? आम्ही कुणाच्या भरवशावर मुलं सोडून जातो इथे?"

एका मुलाला ओकारी झाली होती, त्याला आत मोरीवर धुवायला नेलं होतं, एवढंच ताईंनी थकल्या आवाजात सांगितलं.

"अहो, मग फाटकाजवळ कुणीतरी नको का? फाटकाजवळ रोज एक पालक बसतो ना! आज कुणाचा..."

ती मध्येच थांबली. फाटकाजवळची खुर्ची रिकामी होती. आज गुरुवार होता. महिन्यातला तिच्याच घराचा गुरुवार. सकाळी तिनेच तर फोन केला होता, 'ताई, लॅबमध्ये फार गर्दी आहे हो, आज नाही जमणार.' मागच्या महिन्यात नवऱ्याने केला होता, छापखान्यातून, असाच.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत टोमणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

"उद्यापासून बालवाडी बंद करते आहे मी," ताई म्हणाल्या. "रागाने नाही. माझे पाय उचलत नाहीत आता. आज तुझी ठमी सापडली. उद्या दुसऱ्या कुणाचं मूल सापडेलच असं नाही."

लॅबवाली मटकन जमिनीवर बसली. हळूच म्हणाली, "ताई, चुकलं माझं. पण खरं सांगू? मीही दमते हो. दिवसभर उभी असते. घरी गेलं की पुन्हा दुसरी पाळी सुरू होते. तुमच्याकडे वेळ असतो असं नाही म्हणत मी, पण..."

"दमतेसच की. कोण दमत नाही?" ताईंनी गुडघ्यावर हात दाबला. "ही बालवाडी कशी निघाली माहीत आहे का तुला?"

तिला माहीत नव्हतं. बालवाडी नळासारखी, जिन्यासारखी तिथे होतीच, असंच तिला वाटत आलं होतं.

"मी लग्न होऊन नवीनच आले होते इथे," ताई सांगू लागल्या. "शेजारच्या खोलीतली बाई कपड्यांच्या कारखान्यात जायची. सांभाळायला कुणी नाही म्हणून पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. ती पोर रोज रडायची. सगळा मजला ऐकायचा आणि सगळा मजला म्हणायचा, काय ही आई! एक दिवस मला ऐकवेना. मी दारासमोर जाऊन बसले. फटीतून तिच्याशी बोलले. दाराखालून एक रंगीत दोरा सारला. तिने तिकडून ओढला, मी इकडून. रडायची थांबली आणि खिदळायलाच लागली."

"मग?"

"संध्याकाळी तिची आई आली. मला दारात बसलेली बघून तिला वाटलं, आता ही मला चार गोष्टी ऐकवणार. मी म्हटलं, 'उद्यापासून किल्ली माझ्याकडे देऊन जा.' आठवडाभरात माझ्याकडे पाच पोरं झाली. ही खोली तेव्हा भंगाराने भरलेली होती, ती सगळ्यांनी मिळून उपसली. एका सुताराने घरच्या टेबलांचे पाय कापून ही बुटकी टेबलं केली. बायकोने त्याला काय काय ऐकवलं, विचारू नकोस!"

लॅबवालीला त्याही अवस्थेत हसू आलं.

"आणि तेव्हाच वार वाटले. कारखान्यातली बाई सुट्टीचा वार द्यायची. एक रखवालदार रात्रपाळी करून यायचा आणि फाटकाजवळ बसल्या बसल्या घोरायचा. पोरांनी खडूने त्याला मिशा काढल्या होत्या. पण तो यायचा! आम्हाला वेळ होता म्हणून वार वाटले असं वाटतं तुला? अगं, सगळे दमलेले होते म्हणूनच वाटले! एकट्याला सगळं झेपलं असतं तर वाटायची गरजच काय होती?"

लॅबवालीने फाटकाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"पुढे लोकांना सवय झाली. 'ताई आहेत ना.' ताप आला तरी ताई आहेत ना. माझे यजमान गेले, त्या आठवड्यातसुद्धा एकीने विचारलं, बालवाडी सोमवारी उघडणार ना? मला लोक देवमाणूस म्हणतात, बाई. देवमाणूस म्हटलं की त्याला पाठ दुखते का, हे विचारायला नको!"

संध्याकाळी नवरा छापखान्यातून आला. सगळं ऐकून आधी त्याने ठमीला घट्ट जवळ घेतलं. मग म्हणाला, "बंद कशी करतील? चार दिवसांनी राग शांत होईल त्यांचा. ताई आहेत त्या."

"पुन्हा तेच!" लॅबवाली ताडकन म्हणाली. "आपली पोरगी ट्रकखाली जायची वेळ आली, ती ताईंच्या चुकीने नाही, आपल्या. खुर्ची आपली होती!"

रविवारी ती घरोघर पालकांना बोलवायला निघाली तेव्हा तोही मुकाट्याने चपला घालून तिच्याबरोबर निघाला.

बैठकीत कुणी म्हणालं, पगारी बाई ठेवा. कुणी म्हणालं, आमच्या नोकऱ्या काय सोडायच्या का? लॅबवालीला भाषण करता येत नव्हतं. तिने फक्त गुरुवारची हकीकत सांगितली, स्वतःचा फोन न लपवता. मग एक रिक्षावाला खाकरला आणि म्हणाला, "मागच्या दोन महिन्यांत एकेक बुधवार माझा होता. मीही आलो नव्हतो."

सगळे काही बदलले नाहीत. दोन घरांनी मुलं दुसरीकडे घातली. तीन आठवडे बालवाडी बंदच राहिली आणि त्या तीन आठवड्यांत घराघरांत जी तारांबळ उडाली ती विचारू नये. पण उरलेल्यांनी वार घेतले, यायला जमलं नाही तर बदली माणूस स्वतः शोधून द्यायचा असं ठरवलं, आणि शिकवायलाही पालकांतल्याच दोन तरुण आया पुढे आल्या. ताईंना फक्त मंगळवार दिला. तोही त्यांनी हट्टाने मागून घेतला म्हणून.

पहिला गुरुवार नवऱ्याने केला. संध्याकाळी तो घरी आला तो सरळ जमिनीवर आडवा झाला. केसांत चिकणमाती होती, आवाज बसला होता.

"काय ग," तो छताकडे बघत म्हणाला, "ताई हे रोज कसं करत होत्या?"

"करत नव्हत्या," लॅबवाली त्याच्याशेजारी टेकत म्हणाली. "आपण त्यांच्याकडून करून घेत होतो."

वाचकहो, अशा एक ताई आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत, कचेरीत, कदाचित घरातही असतात. आपण त्यांचं तोंडभरून कौतुक करतो आणि त्या कौतुकाआड आपला वाटा हळूच त्यांच्या खांद्यावर सरकवून देतो. चांगल्या माणसाला नमस्कार करण्यापेक्षा त्याच्या हातातलं थोडं काम आपल्या हातात घ्यावं. दमलेले तर आपण सगळेच आहोत; म्हणून तर काम वाटून घ्यायचं असतं.