फोनच्या आड

नवरा फोनमध्ये बघून हसतो, हे तिच्या लक्षात आलं जेवताना. ती घरीच शिलाईकाम करायची. दिवसभर मशीनची खडखड ऐकून झाली की संध्याकाळी माणसाशी चार शब्द बोलावेत असं तिला वाटे. आणि हा सुतारकारखान्यातून आला, हातपाय धुतले, की फोन घेऊन बसे. ती बोलत राही, तो मान खाली घालून अंगठा फिरवी. मधूनच एखादं ‘हं’. एकदा ती म्हणाली, “उद्या दुपारी आई येतेय.” तो म्हणाला, “झाकून ठेव, नंतर खातो.”

तिने हे थोरल्या बहिणीला सांगितलं. ताई हसली नाही.

“फोन केला तर उचलतो का?”

“नाही. मग मेसेज येतो, काय काम आहे म्हणून.”

“म्हणजे शेजारी कोणीतरी असतं. कुठेतरी पाणी मुरतंय, बाई. बघ एकदा त्या फोनात.”

तो आंघोळीला गेला तेव्हा तिने बघितलं. कुलूपबिलूप काही नव्हतं. मेसेज होते ते कारखान्याचे आणि तिचेच. बोलणं जवळजवळ कुणाशीच नाही. सुटकेचा श्वास टाकायचा सोडून तिने तो पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळला. इतका कोरा फोन कोण ठेवतं? पुसूनच टाकत असणार सगळं.

त्यानंतर तिने त्याला नीट न्याहाळायला सुरुवात केली. शर्टाचा वास घेतला, खिसे उलटे केले. लाकडाचा भुसा निघाला, बाकी काही नाही. घरात दोघंच, आणि मध्ये ती शांतता. तिला वाटे, या शांततेत तिसरं कोणीतरी बसलंय.

एक दिवस तो डबा विसरून गेला. डबा हे निमित्त; तिला कारखाना बघायचाच होता. जेवणाची सुट्टी होती, करवतीचं यंत्र बंद. पाच-सहा जण फळ्यांवर बसले होते. हा तिच्याकडे पाठ करून, हातात फोन. ती पावलं न वाजवता मागे जाऊन उभी राहिली.

पडदा काळा होता. फोन बंदच होता, आणि त्याचा अंगठा त्यावर फिरत होता.

पॉलिशवाल्याने काहीतरी विनोद केला. सगळे हसले. याने डोळे वर केले, बाकीच्यांची तोंडं बघितली आणि मग तोही हसला.

“अहो,” ती म्हणाली. तो हलला नाही. “अहो, डबा.” ती जरा मोठ्याने म्हणाली. सगळ्यांनी माना वळवल्या, फक्त त्याने नाही.

ती डबा पॉलिशवाल्याच्या हातात देऊन घरी आली.

संध्याकाळी ती त्याच्या समोर बसली. फोन त्याच्या हातातून काढून घेतला. त्याने घेऊ दिला.

“कधीपासून ऐकू येत नाही?”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. “उजव्याने बरीच वर्षं. डावा आता आता जायला लागलाय. त्या करवतीने खाल्ले दोन्ही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर ताईला कळलं असतं. मग गावभर होऊन मालकाला, आणि काम गेलं असतं. फोनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला कोणी बहिरा म्हणत नाही. फार तर उद्धट म्हणतात.”

“आणि मी काय काय समजत होते, माहीत आहे?”

“काय?”

ती सांगणार नव्हती, पण सांगितलं. तो आधी चकित झाला, मग थोडा सुखावल्यासारखा दिसला. त्याचा तिला राग आला.

आठवड्याभरात ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डाव्या कानाला यंत्र बसलं. उजव्याची आशा सोडा म्हणाले. मालकानेही काढून टाकलं नाही, करवतीवरून जोडणीच्या कामावर घातलं.

यंत्र लावूनही त्याला ओठ दिसावे लागतात, म्हणून आता बोलायचं तर तिला उठून त्याच्या समोर यावं लागतं. पाठमोरं, स्वयंपाकघरातून ओरडून बोलणं संपलं. त्यामुळे बोलणंही कमी झालं. तो समोर बसतो, हात मोकळे, थेट तिच्या चेहऱ्याकडे बघत. इतकं कोणी बघत असलं की काय बोलावं तिला सुचत नाही. मग तिचाच हात फोनकडे जातो. परवा तो म्हणाला, “राहू दे ना. नाही बोललीस तरी चालेल.”

हे तो मनापासून म्हणाला, की त्याला तिच्या बोलण्याचा कंटाळा आलाय, याचा विचार करत ती तशीच बसून राहिली.