वाणातली पुस्तकं

आमच्या देवासात रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. एका गावात दोन राजे आणि दोन फौजदार. एकीकडे जे चालत नाही ते दुसरीकडे खुशाल चालतं. म्हणून पुस्तकांवर बंदी आली तेव्हा आमच्याकडचे म्हणाले, समोर नेऊन ठेवू. पण हुकूम वरून, इंग्रज साहेबाकडून आला होता. एरवी गटाराच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन्ही पात्यांचं त्या दिवशी एकमत झालं. संक्रांत सरली की झडत्या होणार, अशी दवंडी पिटली.

आमच्याकडचे म्हणजे माझे यजमान तात्या, शाळेत मास्तर. रविवारी आमच्या ओसरीवर चार मंडळी जमायची आणि तात्या त्यांना पुस्तकं द्यायचे. लढाईत कोणाचं भलं होतं, तुरुंगात माणूस सुधारतो की बिघडतो, गावाने मिळून गिरणी चालवली तर सावकार लागेल का, स्वातंत्र्य मागायचं म्हणजे नक्की काय मागायचं, असल्या विषयांवरची. कोणाला पुढे काय वाचायला द्यावं हे तात्यांना अचूक कळतं, अशी त्यांची ख्याती होती. ती ख्याती खरी अक्कांची. अक्का माझ्या थोरल्या नणंद. ऐन तारुण्यात विधवा होऊन, आलवण नेसून माहेरी आल्या त्या आल्याच. ती सगळी पुस्तकं त्यांची वाचून झालेली. माजघरात दाराआड बसून ओसरीवरच्या गप्पा ऐकायच्या आणि भावाला वाढताना सांगायच्या, "त्या विश्वासरावाला लढाईचं दे आता. फार तलवारी उपसतोय."

तात्या पुस्तकं पोत्यात भरून विहिरीत टाकायला निघाले. नोकरी राज्याची, त्यांचंही चुकलं नाही. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. त्या बाईने कधी काही मागितलं नव्हतं, बरं अंथरूणसुद्धा नाही.

"एवढंच माझं आहे रे," त्या म्हणाल्या. "हे गेलं की मी नुसती स्वयंपाकीण उरते."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "ठेवा ते पोतं खाली," मी तात्यांना म्हटलं. "दरवर्षी संक्रांतीला कंगवे नि फण्या लुटते. यंदा पुस्तकं लुटेन."

"बायका काय करणार पुस्तकांचं?"

"वाण परत करत नाहीत आणि टाकतही नाहीत. तेवढं पुरे आहे."

हळदीकुंकवाला दोन्ही पात्यांतल्या बायका आल्या. अक्का अर्थातच बाहेर नव्हत्या. कुंकवाचं ताट असतं तिथे त्यांनी यायचं नसतं. बाई आली की मी माजघरात जायची, अक्का पोत्यातून पुस्तक काढून माझ्या हातात द्यायच्या. राजाबाईंचा भाऊ पलटणीबरोबर चीनला गेला तो परतला नाही, त्यांना लढाईचं. उमाबाईंच्या घरी माग बंद पडलेले, त्यांना गिरणीचं. नव्या नवरीला, बकुळेला, स्वातंत्र्याचं.

"तिला अक्षरओळख नाही, अक्का."

"मग शिकेल."

कुसुमावती आली तेव्हा अक्कांनी तुरुंगाचं काढलं. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कुसुमावती म्हणजे गणोजी फौजदारांची बायको, आणि गावचा तुरुंग त्यांच्याच ताब्यात. "त्या घराला त्याची गरज आहे," अक्का म्हणाल्या.

झडतीला फौजदार स्वतः आले. कोठीतलं धान्यसुद्धा उपसून पाहिलं, काही सापडलं नाही. मग शिपायांना बाहेर पाठवून हळूच म्हणाले, "भाभीसाहेब, एक किताब आमच्या घरी आली आहे. वापस घेऊन टाका ना."

"तुम्हीच का नाही जप्त करत?"

त्यांनी पागोटं सारखं केलं. "आईसाहेब म्हणतात, सवाष्णीचं वाण घराबाहेर काढलं तर नवऱ्याच्या आयुष्याला धोका. म्हणजे माझ्याच."

मी पदर तोंडाला लावला. आत अक्काही हसल्या असतील असं वाटलं, पण त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. रिकामं पोतं मांडीवर होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुस्तकं शाबूत होती, पण बायकांनी ती लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली होती. रोज फूल वाहत होत्या. वाचत कोणी नव्हतं. आणि अक्कांना कोणाच्या उंबऱ्याशी जाऊन मागता येत नव्हतं. वाचवायला गेले आणि मीच त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. धान्य निवडत बसायच्या, निवडलेलं पुन्हा निवडायच्या. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रथसप्तमी झाल्यावर एका दुपारी कुसुमावती आली. मी ओसरीवर पाट मांडला, पण ती बसली नाही. सरळ माजघरात जाऊन अक्कांसमोर बसली आणि त्यांच्या पुढ्यात लाल फडकं ठेवलं.

"वाण परत करायला नाही आले," ती म्हणाली. "या पुस्तकात काय आहे ते मला सांगा. हे तुरुंगातून घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपतात. विचारलं तर म्हणतात, तेरे काम का नहीं. माझ्या घरातलं दुःख माझ्या कामाचं नाही तर कोणाच्या?"

अक्कांनी हात पदराला पुसले आणि फडकं सोडलं. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती, ओली असताना मिटल्यामुळे समोरच्या पानावरही पसरली होती. अक्कांचा हात थांबला. आलवण नेसल्यापासून त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. ते पान उलटायचं तर हात लागणारच होता. मी पुढे झाले, "आणा इकडे, मी उलटते."

"नको," अक्का म्हणाल्या.

त्यांनी पान उलटलं. बोट लाल झालं. कुसुमावतीने पाहिलं आणि ती आणखी जवळ सरकून बसली. अक्कांनी बोट पुसलं नाही. तेच ओळीखाली ठेवून त्या मोठ्याने वाचू लागल्या.