कंसातली शिवी

टीव्हीवरची माणसं बोलतात आणि मी ते ऐकून पडद्याच्या तळाशी लिहिते. दार आपटलं, कुत्रं भुंकलं, तेही लिहायचं, कारण वाचणाऱ्याला ऐकू येत नसतं. शिवी आली की मात्र आमच्या साहेबांचा जीव खालीवर होतो. तिथे कंसात 'शिवीगाळ' एवढंच लिहायचं, असा त्यांचा हुकूम. साहेब फोनवर जे बोलतात ते लिहायचं झालं तर नुसते कंसच उरतील.

माझ्या मावशीला लहानपणच्या तापापासून ऐकू येत नाही. परवा आम्ही सगळे, जिच्या तळाशी मी लिहिते ती विनोदी मालिका बघत होतो. त्यातला सासरा जावयावर घसरला आणि घरभर हशा पिकला. मावशीच्या वाट्याला आला कंस. तो काय म्हणाला, असं तिने काकांना विचारलं, तर ते डोळे पुसत म्हणाले, काही नाही गं, असंच.

मावशी माझ्याकडे वळली. "जन्मभर या घराने मला 'काही नाही' सांगितलं. आता तूही तेच लिहितेस? चहा गाळ, शिव्या गाळू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या भागात मी सासऱ्याचं वाक्य अक्षरन् अक्षर लिहिलं. साहेबांनी बोलावून झापलं. ऐकू येणाऱ्यांना शिवी चालते आणि बाकीचे तेवढे बिघडतात, हे कुठलं शास्त्र, असं मी विचारलं. शेवटी साहेब म्हणाले, जाऊ दे तसंच, पण एक जरी तक्रार आली तरी तुम्ही घरी बसायचं.

तो भाग लागला तेव्हा आम्ही सगळे पुन्हा टीव्हीसमोर होतो. सासऱ्याने घसा खाकरला. त्याची बोलण्याची तऱ्हा अशी की एकेक शब्द चघळून बाहेर काढणार. खाली मात्र अख्खं वाक्य एकदम उमटलं: 'भाड्या, अक्कल तुझ्या ढुंगणात असती, तर निदान बसल्यावर तरी वापरली असतीस.'

सासरा अजून 'अक्कल'वरच होता आणि मावशी पोट धरून हसत सुटली. तिच्या हसण्यात त्याचं पुढचं बोलणं पार बुडालं. काका वैतागले. तिचा दंड हलवून, तो काय म्हणाला, असं विचारू लागले.

मावशीने पडद्याच्या तळाशी बोट दाखवलं. "वाचता येतं ना? मग वाचा की."