रिकाम्या कॅन

विमानतळाच्या कुंपणालगत गाडी आली तसं विश्वजितनं हँडल आवळून धरलं. वारा अजून अंगावर आला नव्हता, पण तो येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवलेल्या दुधाच्या कॅन रिकाम्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला खणखणत होत्या. उजवीकडचा ऊस संपत आला होता. ऊस संपला की नुसता माळ, आणि माळावरून पश्चिमेचा आषाढातला वारा आडवा येतो.

तो आलाच. उजव्या कॅनवर त्यानं असा काही धक्का दिला की गाडी हातभर डावीकडं सरकली. विश्वजितनं हँडल आणखी आवळलं, तर पुढचं चाक थरथरायला लागलं. तेवढ्यात समोरून मालट्रक आला. ट्रकच्या आडोशानं वारा क्षणभर तुटला आणि वाऱ्याच्या अंगाला रेललेला विश्वजित गाडीसकट ट्रककडंच झुकला. ट्रक निघून गेला आणि थांबलेला वारा व्याजासकट परत आला. गाडी रस्ता सोडून गवतात गेली, चिखलात पाय रोवून त्यानं ती कशीबशी उभी केली. ट्रकमधलं कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार करून गेलं, ते त्याला नीट ऐकूही आलं नाही.

बंद पडलेल्या गाडीवर तो तसाच बसून राहिला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, आणि पुन्हा किक मारायचं धाडस होईना.

गडमुडशिंगीच्या त्या घरात कामाची वाटणी फार जुनी होती. गोठा विश्वजितचा आणि रस्ता थोरल्या अमरसिंहचा. विश्वजित म्हशींच्या धारा काढायचा, वैरणपाणी बघायचा, आणि अमरसिंह कॅन लावून कोल्हापूरला, शाहूपुरीतल्या एका गल्लीत दूध घालून यायचा. त्याच्या आधी वडील सायकलवरून घालायचे. गल्लीत ह्या दुधाला कुणी आडनाव लावत नसे, नुसतं ‘मुडशिंगीचं दूध’ म्हणत, आणि बाहेरगावच्या पाहुण्यालाही कौतुकानं तेच सांगत. चैत्रात गोठ्याच्या ओल्या फरशीवर अमरसिंहचा पाय घसरला, मांडीत सळई घालावी लागली. दिवाळीपर्यंत गाडीचं नाव काढू नका, असं डॉक्टर बोलले. मधले दिवस मेहुण्यानं निभावले, तोवर विश्वजित शाळेच्या मैदानावर गाडी शिकला आणि ज्येष्ठ संपता संपता लायसन हातात पडलं. शाळेच्या मैदानाला चारी बाजूंनी भिंत होती. वारा काय असतो ते तिथं कुणी शिकवलं नाही.

अमरसिंह खाटेवरून शिकवायचा. हात ढिला सोड, कोपर वाकव, गुडघ्यांनी टाकी दाब, नजर लांब ठेव. गाडी हलती ती हलू दे, तिला तिची वाट सापडती. हे सगळं विश्वजितला पाठ होतं. पण वारा आला की हात कुणाचं ऐकत नसत.

एक मात्र त्याच्या ध्यानात आलं होतं. सकाळी जाताना, कॅन भरलेल्या असताना, हाच वारा त्याच्या वाटेला जात नसे. येतानाच तो खेळवायचा. म्हणजे सगळी गोम वजनात. मग त्यानं एक दिवस परतताना, शहराच्या कडेला देवळामागं जो सार्वजनिक नळ आहे, तिथं कॅन अर्ध्या भरून घेतल्या. ते तर आणखीनच महागात पडलं, आत पाणी डुचमळून गाडी दोन्हीकडं झोके खायला लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं काठोकाठ भरल्या, झाकणं दाबून बसवली आणि माळ पार केला. गाडी रस्त्याला चिकटून चालली. घरी पोचल्यावर कुणी बघायच्या आत त्यानं पाणी म्हशींच्या डोणीत ओतलं आणि कॅन गरम पाण्यानं घासून उन्हात टाकल्या. मग ते रोजचंच झालं. थोरल्या भावाला त्यानं ह्यातलं अक्षर सांगितलं नाही, लाज वाटत होती.

आता दूधवाला भर रस्त्यात कॅनमध्ये पाणी भरताना दिसला तर लोक काय समजतील, हे शेंबड्या पोरालाही कळतं. विश्वजितला कळलं नाही. भ्यालेल्या माणसाला भीतीपलीकडचं काही दिसतच नाही, त्याला तरी काय बोल लावायचा.

एका गुरुवारी तो गल्लीत शिरला तर उंबऱ्यांवर भांडीच नव्हती. एरवी प्रत्येक पायरीवर पातेलं नाहीतर किटली मांडलेली असायची. अक्काताई मात्र दारात उभ्या होत्या. गल्लीतल्या सगळ्यात जुन्या जैन घरच्या ह्या बाई, सत्तरी ओलांडलेल्या. विश्वजितच्या वडलांच्या हातचं दूध त्यांनी घेतलेलं, आणि त्या म्हणतील ती गल्लीची पूर्वदिशा. शेजारी त्यांचा मुलगा अभिनंदन मोबाईल घेऊन उभा होता. आजूबाजूला आणखी चारपाच जण जमले होते.

अक्काताईंनी त्याला गाडी लावायला सांगितली आणि अभिनंदनला मोबाईल त्याच्यासमोर धरायला लावला. विश्वजितला स्वतःची पाठ दिसली. निळं जर्किन, देवळामागचा नळ, काठोकाठ भरत गेलेली कॅन. मग झाकण दाबणारे त्याचेच दोन हात. काल अभिनंदन त्याच रस्त्यानं येत होता. त्यानंच ते टिपून गल्लीच्या ग्रुपवर टाकलं होतं.

“कॅन धुवत होतो,” विश्वजित म्हणाला.

“धुतल्याली कॅन पान्यासकट झाकन लावून नेत्यात व्हय?” अक्काताईंनी विचारलं.

खरं ओठाशी आलं होतं. पण समोर एवढी माणसं, आणि अमरसिंहचा सख्खा भाऊ वाऱ्याला भितो, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. तो नुसतं कॅनचं झाकण चाचपत राहिला. ते गप्प राहणं गल्लीनं कबुली म्हणून घेतलं.

“तुजा बाप सायकलवरनं यायचा,” अक्काताई हळू आवाजात म्हणाल्या. “भर पावसात यायचा. थेंबाचा बट्टा न्हवता त्याला. उद्यापास्नं येऊ नगंस तू.”

त्या दिवशी तो दुधानं भरलेल्याच कॅन घेऊन परतला. माळावर वारा नेहमीपेक्षाही जोरात होता, कुंपणाच्या तारा शीळ घालत होत्या. गाडी तसूभर हलली नाही. हेल्मेटच्या आत विश्वजित लहान मुलासारखा रडत होता.

विश्वजितला दोन्ही हातांनी जड कॅन उतरवताना अमरसिंहनं खाटेवरून पाहिलं आणि काय ते ओळखलं. त्यानं मग सगळं सांगून टाकलं, माळ, ट्रक, नळ, मोबाईल. संयोगिता, विश्वजितची बायको, दाराआडून ऐकत होती. गल्ली सुटली तर काय होईल हे तिघांनाही सांगायची गरज नव्हती. डेअरीच्या दरात एवढ्या म्हशी पोसणं जमणारं नव्हतं, निम्म्या तरी बाजारात उभ्या कराव्या लागणार. आणि ‘मुडशिंगीचं दूध’ हे नाव पुन्हा कुणी कौतुकानं घेणार नव्हतं.

आता दादा खवळणार, अशी विश्वजितनं तयारी ठेवली होती. अमरसिंह बराच वेळ सळई घातलेल्या मांडीवर हात फिरवत राहिला.

“उद्या जा आनी खरं काय ते सांग,” तो म्हणाला. “हासतील. हासू देत. भित्रा म्हनले तर म्हनू देत की. दुधात पानी घातलं म्हनून आपल्या घराचं नाव निघाय नगं.”

शुक्रवारी त्यानं सांगितलं. अक्काताईंच्या पायरीपुढं उभं राहून, मान खाली घालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. रिकाम्या कॅनला वारा लागतो, मला भ्या वाटतं, म्हणून वजनाला पाणी भरतो. कुणीतरी फस्सकन हसलं. म्हशी सांभाळणारा धडधाकट गडी वाऱ्याला भितो, ह्यापेक्षा बरी थाप सुचली नाही काय, असं अभिनंदननं विचारलं. विश्वजितला वाटलं होतं की खरं सांगणंच अवघड असतं. त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

अक्काताई त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. शेवटी त्यांनी निवाडा दिला. आजचा दिवस गल्ली दूध घेईल. पण जाताना कॅनमध्ये पाण्याचा टिपूस भरायचा नाही, आणि अभिनंदन मागून येईल.

“खरं का खोटं, त्येला दिसंल,” त्या म्हणाल्या.

देवळामागचा नळ आला आणि गेला. विश्वजितनं तिकडं पाहिलंही नाही. आरशात अभिनंदनची गाडी दिसत होती, त्याच्या शर्टाच्या खिशातून मोबाईल डोकावत होता. ऊस संपायच्या आधीच विश्वजितच्या काखेत घाम फुटला. त्यानं कोपर वाकवले, गुडघे टाकीला दाबले, लांबच्या विजेच्या खांबावर नजर ठेवली. सगळं पाठ होतं तसं केलं. आणि ऊस संपला.

पहिला झोत त्यानं सोसला. दुसऱ्याला कॅन आकड्यावरून उचलल्यागत झाली आणि बोटं आपोआप वळली, घट्ट, पार पांढरी पडेस्तोवर. चाक थरथरलं. समोरून टेम्पो येत होता. आता आपण त्याच्याखाली जाणार, हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की संयोगिताला कोण कळवेल, हाही विचार येऊन गेला. टेम्पो गेला, पाठोपाठ वाऱ्याचा तडाखा बसला आणि गाडी गवतात जाऊन आडवी झाली. एका कॅनचं झाकण सुटून रस्त्यावर गरगरत गेलं.

अभिनंदन पोचला तेव्हा विश्वजित कुंपणाला पाठ टेकून बसला होता. लागलं काहीच नव्हतं. पण त्याचे दात वाजत होते, आणि दोन्ही हात हँडल धरल्यासारखे समोर आखडलेले होते. 

अभिनंदनचा हात खिशाकडं गेला. मोबाईलला लागला, आणि तसाच खाली आला. त्यानं रस्त्यावरून झाकण उचललं, स्वतःच्या पँटला पुसलं आणि कॅनला लावलं. मग गाडी उभी केली.

“चला,” तो म्हणाला.

“न्हाई जमायचं मला.”

“जमंल. तुमी कुंपनाकडनं चला. मी वाऱ्याच्या अंगाला ऱ्हातो.”

तसे ते दोघं माळावरून निघाले, पायी चालणाऱ्यापेक्षा थोडे जोरात. अभिनंदन रस्त्याच्या जवळजवळ मधून चालवत होता, समोरून वाहन आलं की हात वर करून त्याला बाजूला जायला लावत होता. वारा आधी त्याच्यावर आदळायचा. उरलेला विश्वजितपर्यंत यायचा, आणि तेवढाही त्याला पुष्कळ होता. 

गावाची पहिली घरं लागल्यावर अभिनंदननं गाडी वळवली.

“उद्या जरा लौकर या,” तो म्हणाला. “आईचं पारनं हाय. दूध लागंल.”

संध्याकाळी संयोगितानं विचारलं, उद्याचं दूध डेअरीला किती घालायचं. विश्वजितनं सांगितलं, सकाळचं सगळं गल्लीला. एवढं बोलून तो बादली घेऊन म्हशीखाली बसला. बाहेर पत्रा वाजत होता. त्यानं कासेला पाणी मारलं, हात लावला, पण म्हैस पान्हा सोडीना. वर्षानुवर्षं त्याचाच हात ओळखणारी ती म्हैस मान वळवून बघायला लागली. तेव्हा विश्वजितला कळलं की आपले हात अजून थरथरताहेत.

तिला तो रागावला नाही. बादली बाजूला ठेवून दोन्ही तळवे त्यानं तिच्या पोटाला टेकवले आणि ते थांबायची वाट बघत बसला.