मचव्याची फळी

काळूराम वखारीत आला तेव्हा करवत फिरत होती. तो धर्मराजचा धाकटा मेव्हणा. एरवी दारातूनच ओरडायचा, "काय मिस्तरी, बोटं शाबूत हायत ना?" त्या दिवशी तो ओरडला नाही. भुशात येऊन नुसता उभा राहिला. कमरेपर्यंत खाडीच्या गाळानं माखला होता.

धर्मराजनं हातातलं लाकूड पुरतं कापलं आणि मग वर बघितलं.

"मचवा उलटला भावोजी. खाडीच्या तोंडाला. बाकीची मानसं गावली."

"आनि चंद्रा?"

काळूरामनं मान खाली घातली. इंजिनवाल्या काशिरामनं धावत जाऊन पट्टा उतरवला, तरी करवत कितीतरी वेळ फिरतच राहिली.

नारळी पौर्णिमा होऊन मचवे नुकते सुरू झाले होते. धर्मराजची बायको चंद्रावती जासईला माहेरी गेली होती, तिथून परत येत होती. ती सापडली नाही. शेवटी जाणत्या माणसांनी दर्भाची बाहुली करून तिला अग्नी द्यायला सांगितलं. धर्मराजनं दिला. बाहुली भुरकन जळून गेली. माणूस असं जळत नाही, असं त्याला वाटलं.

मग सासू गुणाबाई चंद्रावतीच्या नावाचा चांदीचा टाक घेऊन आली. "सर्वपित्रीला नव्या देव्हाऱ्यात बसव रं बाबा. टाक बसला नाय तं पोर माजी पान्यातच फिरंल. एखाद्याचा हात धरून नेल."

देव्हाऱ्याच्या चौकटीला तिरके कोपरे हवेत. हातानं कापलेले कोपरे धर्मराजला कधी मिळवता येत नसत. चंद्रावतीच्या आरशाला त्यानं चौकट केली तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या या फटीतनं मुंग्यांची वरात जाईल हो, वाजतगाजत!" आता फट राहता कामा नव्हती. म्हणून करवतीच्या टेबलावर सरकणारी एक पाटी करायची, लाकूड तिच्यावर तिरकं टेकवायचं आणि पाटीसकट पात्यावर न्यायचं, असं त्यानं ठरवलं.

खाडीच्या गाळात त्याच मचव्याची एक फळी रुतली होती. रुंद, जुना साग. धर्मराज ती ओढू लागला तसा काळूराम आडवा आला.

"बुडल्या मचव्याचं लाकूड काठावर आनत नाय भावोजी. आमी चुलीत पन घालत नाय. ज्याचं त्याला ऱ्हाऊ द्या."

"कोनाचं?"

काळूराम खाडीकडं बघायला लागला.

"तिचा पाय शेवटी याच लाकडावर होता," धर्मराज म्हणाला आणि फळी खांद्यावर घेतली.

वखारीत त्यानं फळीतले खिळे उपटले. काही भोकांत जुनी राळ घट्ट भरलेली होती. ती कोरून बघायला हवी होती. त्यानं नुसता वरून हात फिरवला. बिडाच्या टेबलाला दोन खाचा होत्या. त्यांत सरकतील अशा शिसवीच्या दोन पट्ट्या रंधून, साबण चोळून त्यानं बसवल्या आणि त्यांवर फळीचे तुकडे जोडून पाटी केली. चौकोनी कागद कोपऱ्यावर दुमडून तिरकी रेघ आखली. त्या रेघेवर लाकूड टेकवायची एक पट्टी ठोकली आणि दुसरी गुण्या लावून तिच्याशी काटकोनात.

"एकीचं चुकलं तर दुसरी भरून काढते. कोपरा मिटतोच," तो म्हणाला.

"नवराबायकोसारखं," काशिराम बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

पहिला कोपरा असा मिटला की नख जाईना. पण पाटीचा काही नेम नव्हता. कधी हलकी सरकायची, कधी खाचेत ताठून बसायची. "खारं लाकूड, हवा पितंय," काशिराम म्हणाला. धर्मराजनं ते ऐकून घेतलं. खाडीला भरती लागली की पाटी अडते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

सर्वपित्रीच्या सकाळी तीन कोपरे झाले होते. गुणाबाई टाक पदरात घेऊन वखारीच्या दाराशी बसली होती.

"भरती लागलीय. ती फिरत असंल पान्यात. दुपारी कापा," काळूराम म्हणाला.

"पट्टा चढव," धर्मराज काशिरामला म्हणाला.

पाटी अर्ध्यावर गेली आणि अडली. अशा वेळी मागं घ्यायचं असतं. नव्या माणसांना तो हेच शिकवत आला होता. त्यानं जोर लावला. पात्यानं पाटीत पाडलेली मधली चीर पात्यावरच आवळत गेली. जळक्या सागाचा वास आला आणि त्याच्यामागून गाळाचा. मग ठिणग्या उडाल्या. पाटी हिसका बसून पुढं गेली आणि त्याचा हात तिच्याबरोबर ओढला गेला.

काशिरामनं पट्टा पाडला. पातं थांबलं तेव्हा त्याचा दात धर्मराजच्या अंगठ्याच्या नखाला टेकलेला होता. चिरेच्या कडेला, राळेखाली राहिलेला मचव्याचा खिळा ताज्या कापानं चकाकत होता.

"हात धरला तिनं तुमचा," काळूराम हळूच म्हणाला. "द्या ती पाटी. खाडीत सोडून येतो."

"हात लावू नको."

"भावोजी, परत कापाल तं नेल ती तुमाला."

धर्मराज त्या खिळ्याकडं बघत राहिला. गुणाबाई उठली, टाक पदराच्या गाठीत बांधला आणि निघून गेली.

करवतीला नवं पातं बसलं. पाटी टेबलाखाली भिंतीला टेकून उभी आहे. तिच्याजवळचा भुसा सकाळी ओला असतो, म्हणून काशिराम तिथं झाडत नाही. धर्मराज ती फेकत नाही आणि टेबलावर चढवतही नाही. टाक अजून गुणाबाईच्या पदरात आहे. चौकटीचा चौथा कोपरा कापायचा राहिला आहे.