वांगी रंगाचा खिसा

वरवट बकाल गावात दयाराम टेलरच्या इमानदारीची ख्याती अशी, की त्याच्याकडे कापड टाकलं की माणूस निर्धास्त व्हायचा. दुसरे शिंपी उरलेल्या कापडाचं नाव काढत नाहीत. दयाराम मात्र शिवलेल्या शर्टासोबत चिंध्यांची पुडी दोऱ्यानं बांधून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा आणि वर म्हणायचा, पाहून घ्या. आता ज्याला चिंध्यासुद्धा परत मिळतात, तो कापड मोजत बसतो होय? कोणीच बसला नाही. दयारामचा सगळा जन्म त्या पुडीच्या आडोशाला सुखात गेला.

म्हणूनच त्याच्या सुनेनं, मंजुश्रीनं, एका दुपारी जेवताना सांगितलं की बचत गटाच्या मेळाव्यात आईंची गोधडी शाळेच्या मैदानात टांगायची ठरलीय, तेव्हा त्यानं तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

आई म्हणजे दयारामची बायको चांगुणा. तिची ही गोधडी रोजच्या वापरातली नव्हती. पेटीत राहायची, आणि दर उन्हाळ्यात तिला एखादी ओळ नवीन लागायची. हिरवे, गुलाबी, पिवळे, निळे चौकोन असे काही शेजारी बसलेले, की पाहणाऱ्याला आपोआप हसू यावं. मंजुश्रीनं मोबाइलवर पाहिलं होतं, शहरातले लोक गोधडीसाठी आयते कापलेले चौकोन पाकिटातून मागवतात. सासूच्या गोधडीतले तुकडेही थेट तसेच, चार बोटं लांब, चार बोटं रुंद, कोपरे सरळ. ती म्हणाली की आई, चिंधी तर वेडीवाकडी असते, बगलेतून नाहीतर गळ्यातून निघालेली. तुमच्या चिंध्या अशा शहाण्या कशा? चांगुणा कौतुकानं म्हणाली, तुझ्या सासऱ्याची कात्रीच तशी आहे, त्यांचा कचरासुद्धा सरळ निघतो. दयाराम तांब्याभर पाणी प्यायला. मान वर केली नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. कारण तो कचरा नव्हताच.

झालं होतं असं. लग्नाच्या पहिल्या वर्षी चांगुणा डबा घेऊन दुकानात आली होती. मशीनवर हिंमतरावांच्या सफारीचं कापड पडलेलं, वांगी रंगाचं, नवं कोरं. हिंमतराव नुकतेच सरपंच झालेले. चांगुणानं हात पदराला पुसला, कापडावरून अलगद फिरवला आणि म्हणाली, असा रंग आपल्या घरात एकबी नाई. एवढंच. मागितलं काहीच नाही, डबा ठेवला आणि गेली. दयाराम बराच वेळ त्या कापडाकडे पाहत राहिला आणि मग त्यानं हातात कात्री घेतली. संध्याकाळी चांगुणाच्या हातात एक चौकोन पडला. गिऱ्हाइकानं नेला नाही, असं त्यानं सांगितलं.

एकदा वाट पडली की पाय आपसूक तिकडे वळतात. चांगुणा एखाद्या कापडाला छान म्हणाली, की त्या गिऱ्हाइकाचं कापड कमी भरलंच म्हणून समजा. कोणाच्या ब्लाऊजची बाही आखूड झाली, कोणाच्या फ्रॉकची झालर गेली, कोणाच्या शर्टाची कॉलर आतून दुसऱ्याच रंगाची निघाली. बिचारी चांगुणा मोकळ्या मनाची. तिला रंग आवडायचेही फार. दयारामनं तोंडानं तिचं कधी कौतुक केलं नाही. स्वयंपाक चांगला झाला तर तो नुसता जास्त जेवायचा. बायकोशी बोलण्याचं त्याचं सगळं काम कात्रीच करत होती.

आणि आता ही सगळी बोलणी मैदानात टांगणार. ज्यांची बाही, ज्यांची झालर, ती माणसं समोरून फिरणार. झाकली मूठ होती तोवर सव्वा लाखाची होती. ती उघडली तर पुडीवाल्या दयारामला गावात कोण विचारणार?

त्यानं प्रयत्न सोडले नाहीत. आधी म्हणाला, उन्हानं रंग उडतील. चांगुणा म्हणाली, सावलीत टांगू. मग म्हणाला, लोकांची दृष्ट लागेल. यावर सासू-सून दोघी हसल्या, कारण नजर, दृष्ट, लिंबू-मिरची यांच्याविरुद्ध आयुष्यभर भाषण देणारा दयारामच होता. शेवटी मेळाव्याच्या आदल्या दिवशी, घरात कोणी नाही असं पाहून, त्यानं गोधडी हौदात बुडवली. ओली गोधडी टांगता येत नाही, वाळायला चार दिवस लागतात, असा त्याचा हिशोब. पण एवढे उन्हाळे इथेच काढूनही माणूस वऱ्हाडातलं ऊन विसरला. दिवस मावळायच्या आत गोधडी पापडासारखी वाळली. वर पेटीतला कुबट वास गेला आणि रंग असे उघडले की चांगुणा अंगणातच थबकली. आपल्या नवऱ्यानं आपल्यासाठी एवढी जड गोधडी स्वतः धुतली, म्हणून तिचे डोळे भरून आले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मेळाव्यात दोन कडुलिंबांना दोर बांधून गोधडी टांगली. बाकी टेबलांवर पापड, लोणची, तिखट-हळदीच्या पिशव्या. पण बायका जमल्या त्या गोधडीपुढे. दयाराम एका झाडाच्या बुंध्याआड उभा राहिला, पळावं लागलं तर वाट मोकळी ठेवून.

दयारामच्या जुन्या गिऱ्हाईक अन्नपूर्णाबाईंनी एका पोपटी चौकोनावर बोट ठेवलं आणि दयारामनं डोळे मिटले. पण अन्नपूर्णाबाई म्हणाल्या की अगं बाई, हे तर माझ्या लग्नातल्या ब्लाऊजचं, साडी कधीच गेली, ब्लाऊजही गेलं, एवढंच उरलं बघ. आणि त्यांनी त्या तुकड्याला गाल लावला. मग काय, जी ती आपापलं शोधू लागली. कोणाला लेकीच्या पहिल्या फ्रॉकचं फूल सापडलं, कोणाला गेलेल्या नवऱ्याच्या शर्टाची रेघ. आपल्या कापडातलं काही असं जपून ठेवलंय, याचाच सगळ्यांना आनंद. बाही का आखूड झाली होती, हे कोणाला आठवेना. दयाराम बुंध्याआडून हळूहळू बाहेर आला. थोडा ताठही झाला. एकीनं त्याचे आभार मानले तेव्हा त्यानं ते घेतलेसुद्धा.

तेवढ्यात हिंमतराव आले, आणि बरोबर त्यांची बायको सोजराबाई.

हिंमतरावांची ती सफारी गावाला पाठ होती. तिला डाव्या छातीवर खिसाच नव्हता. शिवून देताना दयाराम म्हणाला होता, तुमची छातीच एवढी भरदार भाऊ, खिशाचं कापड छातीनंच खाल्लं. हिंमतराव रागावायचे सोडून खूश झाले. सरपंचाला पेन ठेवायला जागा नाही, म्हणून पाच वर्षं त्यांनी सुतारासारखं कानावर पेन ठेवलं. कोणी विचारलं की छातीवर थाप मारून म्हणायचे, खिसा इनं खाल्ला. पुढे सरपंचपद गेलं, छाती उतरली, पोट आलं, पण ती गोष्ट काही त्यांनी सोडली नाही. आजही मैदानात शिरताना कोणालातरी तीच सांगत होते.

सोजराबाई गोधडीपुढे थांबल्या. मधोमध वांगी रंगाचा चौकोन होता. त्यांनी तो चिमटीत धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे तं तुमच्या सफारीचं हाये."

"माह्या सफारीचं इथी कसं येईन?" हिंमतराव म्हणाले. "कापड तं पुरलंच नव्हतं." आणि म्हणता म्हणताच त्यांनी पंजा त्या चौकोनावर ठेवला, मग तोच पंजा स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. माप तंतोतंत जुळलं.

मग अन्नपूर्णाबाईंनी पोपटी चौकोनाकडे पुन्हा एकदा, जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. आपली बाही त्यांना आता आठवली असावी.

दयारामजवळ थाप तयार होती. त्या वर्षी तसलंच कापड अर्ध्या तालुक्यानं घेतलं होतं, असं म्हटलं असतं तर हिंमतरावांनीच आधी मान डोलावली असती, कारण छातीची अब्रू त्यांनाही वाचवायची होती. त्यानं तोंड उघडलंही. पण समोर चांगुणा उभी होती. ती हिंमतरावांकडे पाहत नव्हती. ती गोधडीकडे पाहत होती, एकेका चौकोनावरून नजर फिरवत, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. जन्मभर ज्या कामाचा तिला अभिमान होता, ते सगळं चोरीच्या मालाचं निघालं होतं, आणि का, ते तिला ठाऊक नव्हतं. दयारामच्या जिवाला ते लागलं. नाव राखावं की बायकोचा चेहरा राखावा, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न त्याला वाटला होता तेवढा अवघड निघाला नाही.

"कापड उरलं होतं, भाऊ," तो म्हणाला. "तुमची छाती होती तेवढीच होती."

मैदानात जे हसू फुटलं त्यात सोजराबाईंचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग दयारामनं बाकीचंही सांगितलं. अडखळत, खाली पाहत. ती डबा घेऊन आली होती, कापडावर हात फिरवला होता, असा रंग घरात नाही म्हणाली होती. मग पोपटी, मग गुलाबी, मग रेघांचं. "तिले जे आवडलं, ते मी ठेवलं. तिनं एकबी मांगतलं नाई. तिचा काही कसूर नाई."

एवढं लांबलचक बोलणं त्यानं घरात कधी केलं नव्हतं. चांगुणाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. या वयात, चारचौघांत, तेही शाळेच्या मैदानात. मंजुश्रीनं मोबाइल वर धरला होता, तो सासूनं हातानं खाली केला.

हिंमतरावांना आता आपला मान सावरायचा होता. ते खाकरले. "चोरी कबूल झाली. आता दंड लागन."

"लागनच," चांगुणा म्हणाली. "दंड मी घालतो."

बायका खुदखुदल्या. हिंमतरावांना कळेना काय झालं. विरलेलं लुगडं मधून कापून त्याचे धड भाग जिथे जोडतात, त्या शिवणीला बायका दंड म्हणतात. पंचांच्या दंडात माणूस कमी होतो, बायकांच्या दंडात दोन तुकड्यांचं एक होतं. पुरुषांना हे सहसा ठाऊक नसतं. पण दयाराम टेलर होता. तो चपापला.

चांगुणानं शिवणकामाच्या टेबलावरून कात्री आणि सुईदोरा उचलला आणि नवऱ्यापुढे उभी राहिली. "साऱ्या गावाचं कापड हाये याच्यात. तुमचं नाई. सांगा, तुमाले कोणता रंग आवडते?"

दयारामनं गोधडीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. पोपटी अन्नपूर्णाबाईंच्या ब्लाऊजचा, आणि तो चांगुणाला आवडला होता. गुलाबी चांगुणाला आवडला होता. वांगी तर सगळ्यात आधी आवडला होता. एकूण एक रंग त्याला पाठ होते, ती कोणत्या दिवशी काय म्हणाली तेही, पण स्वतःचा असा त्यात एकही सापडेना.

"मले काय ठाऊक," तो शेवटी म्हणाला. "मी कापडाकडं पाह्यलंच नाई कधी. मी तुह्या तोंडाकडं पाहो."

सोजराबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली, आणि हिंमतराव लगबगीनं पापडाच्या टेबलाकडे गेले.

चांगुणानं दयारामच्या शर्टाचा खालचा घेर ओढला. मेळाव्यासाठी काढलेला चांगला शर्ट, फिक्या निळ्या रंगाचा. चार बोटं मोजली आणि कच्चकन कापला. मग दोर सैल करून गोधडी मांडीवर घेतली, तिथेच झाडाखाली बसली आणि तो तुकडा वांगी चौकोनाला लागून जोडायला घेतला. सुईत दोरा काही जाईना, डोळ्यांत पाणी होतं. दयाराम फाटक्या शर्टानं तिच्याजवळ टेकला, सुई घेतली, दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली.