खालचं भिंग

युद्ध संपल्यावर टोकियोच्या इताबाशीत कॅमेरे करणाऱ्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. साडेचार चटयांच्या खोलीत माणसाने पाय कुठे पसरावेत हाच प्रश्न, तिथे लोक कॅमेरे जुळवत बसले होते! एइकिची ओबाता त्यांतलाच एक. भिंगं एकाकडून आणायची, शटर दुसऱ्याकडून, पेटी आपण करायची आणि वर नाव टाकायचं ते घाऊक व्यापाऱ्याचं. एकच कॅमेरा तीन दुकानांत तीन नावांनी विकला जायचा. ओबाता हे नाव मात्र कुठेच नसायचं.

या वर्षी गड्याने हट्टाला पेटून स्वतःचं भिंग घासलं. त्याच्याभोवतीच्या कड्यावर आपल्या नावावरून 'ओबातार' कोरायचं, हे त्याच्या मनाने कधीच घेतलं होतं. आता व्यापाऱ्याने हो म्हणायला हवं. तो नाव ठरवेपर्यंत नमुन्याच्या भिंगांची कडी कोरीच ठेवायची, असा इथला रिवाज होता.

एका सकाळी ते व्यापारी, कामिओसाहेब, आले. त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही.

"ओबाता, दाखव बघू तुझं रत्न. मला पुढे उएनोला जायचंय."

कॅमेरा दोन भिंगांचा. वरच्यातून बघायचं, खालच्याने फोटो काढायचा. खालचं भिंग ओबाताने घासलेलं. वरचं विकतचं, हलकं. साहेबांनी भिंतीवर वर्तमानपत्र ठोकायला लावलं आणि वरून डोकावले.

"अरे वा! लख्ख दिसतंय की रे!"

एइकिचीची बायको शिमेनो चहा ठेवता ठेवता हसली. वर्तमानपत्राचा फोटो काढून, अंथरुणाच्या अंधाऱ्या कपाटात शिरून एइकिचीने फिल्म धुतली, फोटो छापला आणि ओलाच बाहेर आणला. साहेबांनी तो खिडकीशी धरला. मधल्या बातम्या सरळ वाचता येत होत्या, पण कोपऱ्यांतल्या अक्षरांची पार पेज झाली होती.

"भिंग राहू दे बाबा," साहेब म्हणाले. "विकत घे. पेटी तुझी, नाव माझं. चालतंय तसं चालू दे."

"बरं, साहेब," एइकिची म्हणाला आणि वाकला.

शिमेनोला त्या 'बरं'चा असा राग आला! साहेब दारात बसून बूट घालू लागले. तिने कॅमेरा उचलला आणि तो फडक्यात गुंडाळता गुंडाळता थबकली. वरच्या भिंगाच्या कडेला खसखशीएवढा बुडबुडा होता. काचेत बुडबुडा असला म्हणून फोटो बिघडत नाही. पण नवऱ्याने घासलेल्या भिंगाच्या कडेला काळी शाई लावताना तिने याच बुडबुड्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. हे तर ह्यांचं भिंग! हलक्या भिंगातून साहेबांना इतकं लख्ख दिसलंच कसं असतं? भिंगंच वरखाली बसली होती, फोटो निघाला तो विकतच्या भिंगातून. कडी कोरी, आटे एकाच लेथवर कापलेले, कळणार कसं?

आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार काय? आमच्या माणसाला स्वतःचं भिंग ओळखता आलं नाही, म्हणून? दुपारपर्यंत अख्खं इताबाशी खो खो हसलं असतं. तोवर साहेबांचा दुसरा बूटही चढला.

"थांबा, साहेब! भिंगं उलटसुलट बसलीत. माझ्या हातून झालं!"

एइकिचीने तिच्या हातातून कॅमेरा घेतला, तो बुडबुडा पाहिला आणि कानापर्यंत लाल झाला.

"खोटं बोलतेय ती. जुळवणी मी केली होती."

"अहो, गप्प बसा ना!"

"तूच गप्प बस!"

कामिओसाहेब हसू लागले. "यश वाटून घेणारे खूप बघितले. चुकीसाठी भांडणारे तुम्हीच! चल, बदल भिंगं. उएनोवाला बसेल वाट बघत."

एइकिचीने भिंगं बदलली. आटे बरोबर बसले. फोकस जुळला. पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा कपाट. या खेपेला शिमेनो कपाटाच्या दाराला कान लावून उभी होती. जणू फिल्म धुतल्याचा आवाज येणार होता!

ओला फोटो साहेबांनी खिडकीशी धरला. सावकाश, अगदी खालच्या कोपऱ्यातून ते वाचू लागले, "मूळव्याधीवर... खात्रीचा... मलम."

शिमेनोने टाळ्याच पिटल्या. मूळव्याधीचं नाव ऐकून इतका आनंद आजवर कुणालाच झाला नसेल.

"घेतलं तुझं भिंग," साहेब म्हणाले. "कड्यावर काय कोरायचं? तू सांग."

इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते विचारलं, तर एइकिची सवयीने पुटपुटला, "तुम्ही म्हणाल ते, साहेब."

"ओबातार!" शिमेनो एवढ्या मोठ्याने ओरडली की समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच दारात आला. "ओबातार लिहा!"

साहेबांनी टोपी काढली आणि जरा वाकले. "ठरलं. फक्त नाव खालच्या भिंगावर कोर हं, ओबाता. खालच्या!"

एइकिची मान हलवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याने कॅमेऱ्यात डोकं घातलं. वरच्या भिंगातून त्याला समोर शिमेनो दिसली. त्या विकतच्या, हलक्या भिंगातून ती कडेकडेने पुसट होती, पण मधोमध अगदी स्वच्छ दिसत होती.